समग्र शिक्षणावर विकिपीडियाची नोंद: गटानं मिळून आराखडा कसा करावा

समग्र शिक्षणावर लिहायला जमलेला गट बहुतेक वेळा एकाच मताचा असतो. मुलाला डोक्याबरोबर हात आहेत, मन आहे, घरदार आणि गाव आहे, आणि शाळेनं या सगळ्याची दखल घ्यावी, हे ज्यांना मनापासून पटलेलं असतं तीच माणसं या कामाला पुढं येतात. तळमळ खरी असते, आणि त्या तळमळीपायीच नोंद बिघडते. लिहिता लिहिता तिचं भाषण होतं. कोरेगावच्या एखाद्या डी.एल.एड.च्या (शिक्षक-पदविकेच्या) विद्यार्थिनीला मात्र भाषण नको असतं. ही कल्पना कुणाची, कधीपासूनची, तिच्यात काय काय येतं, वर्गात ती कशी दिसते आणि तिच्यावर आक्षेप कोणते, एवढं तिला सरळ हवं असतं. शाळेच्या माहितीपत्रकावर ‘होलिस्टिक’ (म्हणजे समग्र) हा शब्द वाचून गोंधळलेल्या पालकालाही तेच हवं असतं.

या विषयाची नोंद आखताना निम्म्याहून जास्त वेळ लिहिण्याआधीच्या कामाला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. सातारा जिल्ह्यातल्या गटांना याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मराठी विश्वकोश वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला, पण परिभाषासंग्रहाचा खंड त्याआधीच, १९७३ साली छापून झाला होता. कोणत्या संज्ञेला मराठीत काय म्हणायचं हे आधी ठरलं, मग नोंदी वाचकांपुढं आल्या. पाच-सात जणांच्या गटालाही हाच क्रम लागू पडतो.

पहिली बैठक: हद्द आखून घ्या

पहिल्या बैठकीत कुणीही एक ओळसुद्धा लिहू नये. आधी मराठी विकिपीडियावर शोध घ्या: ‘समग्र शिक्षण’, ‘सर्वांगीण शिक्षण’, ‘सर्वांगीण विकास’, ‘जीवनशिक्षण’, ‘नई तालीम’ (हस्तव्यवसायातून शिक्षणाची गांधीजींची योजना), ‘बुनियादी शिक्षण’. यातलं एखादं पान आधीच असेल, अर्धवट असेल, किंवा दोन ओळींचं असेल. असेल तर नवं पान काढू नका, तेच वाढवा. त्या पानाच्या ‘चर्चा’ टॅबवर जाऊन आपला गट काय करणार आहे ते चार ओळींत लिहून ठेवा. ‘इतिहास पहा’ उघडून आधी कुणी काम केलंय ते बघा आणि त्यांच्या चर्चापानावर निरोप ठेवा. घरात पाऊल टाकण्याआधी हाक मारायची आपली रीत इथंही पाळावी.

शीर्षकाचा निर्णय इथंच लागतो. ‘समग्र शिक्षा’ ही केंद्र सरकारची योजना आहे. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षणाची योजना एकत्र करून ती आली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ‘समग्र’ म्हटलं की आधी गणवेशाचा निधी आणि गटसाधन केंद्र आठवतं. त्यामुळं ‘समग्र शिक्षण’ हे शीर्षक घेतलं तर सगळ्यात वर एक ओळ हवीच: हा लेख शैक्षणिक विचाराबद्दल आहे, शासकीय योजनेसाठी अमुक पान पाहा. ‘सर्वांगीण शिक्षण’ हे शीर्षक घेतलं तर हा घोटाळा टळतो, पण मग ‘समग्र शिक्षण’वरून तिकडं पुनर्निर्देशन करावं लागतं. दोन्ही चालतं. एकदा ठरलं की मात्र नोंदभर तोच शब्द ठेवा, नाहीतर वाचकाला वाटतं की दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत.

मग फळ्यावर दोन रकाने काढा: ‘येईल’ आणि ‘येणार नाही’. दुसऱ्या रकान्याला जास्त वेळ लागतो. योगवर्ग, स्नेहसंमेलन, संस्कारवर्ग, कराटे, सहशालेय उपक्रम हे सगळं ‘सर्वांगीण’ या नावाखाली येतं असं प्रत्येकाला वाटतं. पण अभ्यासाच्या तासाला काही हात न लावता वर चार उपक्रम जोडणं आणि अख्ख्या शाळेची रचनाच मुलाच्या पूर्ण वाढीभोवती करणं, यात फरक आहे. नोंद या दुसऱ्या गोष्टीची आहे. हे गटातल्या प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की पहिली बैठक पार पडली.

कोणी काय करायचं

शिक्षकांचा गट असेल तर वेळेचा हिशेब आधी मांडा. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा दुपार मोकळी मिळते. परीक्षा, निवडणुकीचं काम, प्रशिक्षणं हे महिने आधीच वगळा. कामं अशी वाटा की एक जण गळाला तरी नोंद अडू नये. संदर्भ गोळा करणारे दोघे, आराखडा सांभाळणारी एक व्यक्ती, भाषा तपासणारी एक, आणि विकिपीडियाची तांत्रिक बाजू बघणारी एक. नगर वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेलं कुणी गटात असेल तर त्यांना संदर्भांच्याच कामाला लावा. ती नजर बाकीच्यांकडे सहसा नसते.

आणखी एक काम आहे, ते मी कधीच सोडू नये म्हणेन. एका सदस्यानं ठरवून विरुद्ध बाजू घ्यायची. प्रत्येक वाक्याला त्यानं विचारायचं, “हे कोण म्हणतं? कशावरून?” निवृत्त मुख्याध्यापिका बाई किंवा शाळातपासणीत मुरलेले विस्तार अधिकारी या कामाला फार चांगले. शाळेच्या अहवालात काय लिहिलेलं असतं आणि वर्गात काय दिसतं, यातलं अंतर त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं.

विकिपीडियाचं खातं एका माणसाचं असतं, गटाचं किंवा संस्थेचं नसतं. प्रत्येकानं आपापलं खातं काढावं, आणि ते घरूनच काढून यावं. एकाच वायफायवरून एका दिवसात मोजकीच नवी खाती काढता येतात. साधारण सहा झाली की पुढच्यांना अडवलं जातं आणि कार्यशाळेची सकाळ त्यातच जाते.

संदर्भ आधी, वाक्यं नंतर

सगळ्यात जास्त राबावं लागतं ते इथं. विकिपीडियावर आपलं मत, आपला अनुभव, आपण केलेलं संशोधन चालत नाही. तीस वर्षं शिकवलेल्या माणसालाही ‘माझ्या वर्गात असं झालं’ हे लिहिता येत नाही. कुठंतरी छापून आलेलं, दुसऱ्याला तपासता येईल असं हवं. शिक्षकांना हे फार जड जातं, आणि ते मला समजतं. पण याच नियमामुळं नोंदीवर कुणीही अनोळखी वाचक भरवसा ठेवू शकतो.

संदर्भ चार ढिगांत लावा. पहिला ढीग या विचाराच्या पुरस्कर्त्यांच्या लिखाणाचा. दुसरा बाहेरून अभ्यास करणाऱ्यांचा: शिक्षणशास्त्राची पाठ्यपुस्तकं, विद्यापीठांतले शोधनिबंध, शिक्षणाचे इतिहास. तिसरा कायदे, धोरणं, आयोगांचे अहवाल. चौथा वर्तमानपत्रांचा. पुरस्कर्त्याच्या पुस्तकावरून ‘पुरस्कर्ते असं मानतात’ एवढंच लिहिता येतं. ‘असं होतं’ हे लिहायला दुसरा ढीग लागतो. धोरणाच्या कागदावरून ‘धोरणात असं म्हटलं आहे’ एवढंच निघतं, शाळांत ते घडलं असं निघत नाही. शाळेच्या संकेतस्थळावरचा किंवा माहितीपत्रकातला मजकूर त्या शाळेच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून वापरूच नका. विश्वकोशातल्या शिक्षणविषयक नोंदी वाचा, त्यांच्या शेवटी दिलेल्या ग्रंथांची नावं उतरवून घ्या आणि मूळ ग्रंथ शोधा. मजकूर मात्र तिथून उचलू नका, त्यावर प्रताधिकार आहे.

प्रत्येक दाव्याची एक चिठ्ठी करा. पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो, किंवा सामायिक तक्त्यातली एक ओळ. एक चिठ्ठी अशी दिसते:

दावा: नई तालीमसाठी भरलेल्या वर्ध्याच्या परिषदेनं सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि हस्तव्यवसाय हा केंद्रबिंदू, असे ठराव केले.
काळ: २२ व २३ ऑक्टोबर १९३७.
कुठं वाचलं: ग्रंथाचं नाव, आवृत्ती, पान.
बोलणारा कोण: परिषद घेणारे स्वतः, की नंतरचा इतिहासकार?
विभाग: भारतातील प्रवाह.
सावधान: परिषदेचे ठराव आणि झाकिर हुसेन समितीचा नंतरचा अभ्यासक्रम एकमेकांत मिसळू नका.
चिठ्ठी लिहिणारा, चिठ्ठी ताडून पाहणारा.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. लिहिणारा आणि ताडणारा एकच माणूस नको. ताडणाऱ्यानं पुस्तक उघडून ते पान स्वतः पाहायचं. ज्या चिठ्ठीवर दुसरी सही नाही ती नोंदीत जाणार नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

आराखडा: काय कुठं आणि किती

चिठ्ठ्या साठल्या की त्या टेबलावर पसरा आणि गठ्ठे करा. विभाग आधी ठरवून त्यात चिठ्ठ्या कोंबण्यापेक्षा हे बरं, कारण कुठं माल आहे आणि कुठं नुसती इच्छा आहे ते लगेच दिसतं. तरी या विषयाचा सांगाडा साधारण कसा पडेल ते सांगतो.

शीर्षपरिच्छेद दीडशे-दोनशे शब्दांचा. तो सगळ्यात शेवटी लिहावा.

इतिहासात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: विचाराची मुळं आणि या नावाची चळवळ. मुळं जुनी आहेत. रूसोचा ‘एमिल’ १७६२ सालचा. पेस्टालॉझीनं डोकं, हृदय आणि हात यांच्या एकत्र वाढीचा विचार मांडला. फ्रबेलनं खेळाला शिक्षणात मानाची जागा दिली. जॉन ड्यूईची शिकागोतली प्रयोगशाळा-शाळा १८९६ ची, मारिया मॉन्टेसरींचं रोममधलं पहिलं बालगृह (लहान मुलांची शाळा) ६ जानेवारी १९०७ चं, आणि रुडॉल्फ स्टायनरची श्टुटगार्टमधली पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ ची. यातल्या कुणीही आपल्या कामाला ‘समग्र शिक्षण’ हे नाव दिलेलं नव्हतं. ‘होलिझम’ (समग्रतावाद) ही संज्ञा दक्षिण आफ्रिकेचे नेते यान स्मट्स यांनी १९२६ सालच्या ग्रंथात मांडली. त्या नावाखाली शिक्षणातली चळवळ उभी राहिली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. रॉन मिलर यांनी १९८८ साली या विषयाला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं, त्याच वर्षी कॅनडातल्या जॉन मिलर यांचा समग्र अभ्यासक्रमावरचा ग्रंथ आला, आणि १९९०-९१ मध्ये चळवळीची जाहीर निवेदनं निघाली. दोन्ही मिलर वेगवेगळे आहेत. मराठीत नुसतं ‘मिलर’ लिहून वाचकाला फसवू नका. ‘रूसो हे समग्र शिक्षणाचे जनक’ असं वाक्यही टाळा. ‘पुढच्या पुरस्कर्त्यांनी रूसोला आपल्या पूर्वसूरींत गणलं’, हे बरोबर आणि ताडता येण्याजोगं आहे.

तत्त्वं आणि अध्यापनपद्धती या विभागात गट सर्वांत जास्त वाहवत जातो. इथं प्रत्येक तत्त्वाला वर्गातली एक दिसणारी गोष्ट जोडायची अट घाला. ‘विषयांची सरमिसळ’ असं लिहिलंत तर एकच प्रकल्प घेऊन त्यात गणित, भाषा आणि परिसर कसे एकत्र येतात याचं छापील, संदर्भासह उदाहरण द्या. युनेस्कोच्या १९९६ सालच्या देलॉर अहवालातले चार आधारस्तंभ इथं उपयोगी पडतात: जाणण्यासाठी शिकणं, करण्यासाठी शिकणं, एकत्र राहण्यासाठी शिकणं आणि असण्यासाठी शिकणं. त्या अहवालाचं महत्त्व मोठं आहे, पण तो चळवळीचा जाहीरनामा नाही. तसा तो भासू देऊ नका.

मूल्यमापनाला स्वतंत्र विभाग द्या. मराठी वाचकाला तो सगळ्यात ओळखीचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये मुलाचा सर्वांगीण विकास, कृतीतून शिकणं, भयमुक्त वातावरण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रात २०१० पासून हे मूल्यमापन आलं. आकारिक (वर्षभर चालणारं), संकलित (सत्राअखेरचं) आणि वर्णनात्मक नोंदी हे शब्द प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या तोंडी आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं शालेय वर्षांची ५+३+३+४ अशी रचना सांगितली आणि समग्र प्रगतीपुस्तकाची कल्पना मांडली, ज्यात शिक्षकाबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचंही मत येतं. जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक गटात असेल तर हा विभाग त्याच्याकडेच द्या. कागदावरची संज्ञा आणि वापरातली संज्ञा तो चुकवणार नाही.

आक्षेपांचा विभाग मागं ढकलू नका आणि दोन ओळींत उरकू नका. माझ्या मते नोंदीचा कस तिथंच लागतो. व्याख्याच सैल असल्यामुळं कशालाही हे नाव देता येतं, हा पहिला आक्षेप. मोजमाप कसं करायचं, हा दुसरा. मोठ्या पटाच्या वर्गात, पुरेशा प्रशिक्षणाशिवाय, एकट्या शिक्षकानं हे कसं पेलायचं, हा तिसरा. जास्त फी घेणाऱ्या खासगी शाळांपुरतं ते उरतं, हा चौथा. आध्यात्मिक वाढीची भाषा सार्वजनिक शाळेत कुठवर चालावी, हा पाचवा. स्टायनरच्या शाळांमागच्या मानवज्ञानवादी दर्शनावर (अँथ्रोपॉसफी, म्हणजे त्यांनीच मांडलेला आध्यात्मिक विचार) स्वतंत्र टीका आहे. नई तालीमवरही सुरुवातीपासून मतभेद होते: मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागावा, या कल्पनेला वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी हरकत घेतली होती. आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत लिहा. ‘काही लोकांना वाटतं’ असं मोघम लिहू नका. कोण, कुठं, कधी, हे द्या.

आपल्या मातीतली उदाहरणं: इथं फार जपून

साताऱ्यातला कुठलाही गट या ठिकाणी थांबतो, आणि थांबावंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत, स्वतःची कामं स्वतः करत. वसतिगृह चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. १९२७ साली महात्मा गांधी आले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. ‘कमवा आणि शिका’ इथूनच महाराष्ट्रभर गेलं. संस्थेचं ब्रीद आहे स्वावलंबी शिक्षण. हात, डोकं, समाज आणि स्वाभिमान यांना एकत्र आणणारं याहून ठसठशीत उदाहरण सापडणं अवघड. मग ते ‘समग्र शिक्षणाचा भारतातला आद्य प्रयोग’ म्हणून घालायचं का?

तसं थेट घालू नका. आपण दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘हे तेच आहे’ असा निष्कर्ष काढला, तर तो आपला निष्कर्ष होतो, आणि विकिपीडियाच्या भाषेत ते मूळ संशोधन ठरतं. एखाद्या अभ्यासकानं कर्मवीरांच्या कामाचा या विचाराशी संबंध छापील लिखाणात दाखवला असेल, तर त्या अभ्यासकाच्या नावानं ते जरूर द्यावं. नसेल, तर हा मजकूर रयत शिक्षण संस्थेच्या, ‘कमवा आणि शिका’च्या आणि कर्मवीरांच्या पानांवर भरभरून लिहावा, आणि आपल्या नोंदीच्या शेवटी ‘हे सुद्धा पाहा’मध्ये दुवे द्यावेत. यात कर्मवीरांना काही कमीपणा येत नाही. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या काळातल्या चळवळीचं लेबल लावल्यानं त्यांचं काम मोठं होणार नाही. उलट, शेतकऱ्याच्या पोराला शाळेत आणण्याची आणि जातिभेद मोडण्याची त्यांची स्वतःची दिशा त्या लेबलाखाली झाकली जाते.

हीच कसोटी इतरांनाही लावा. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा आग्रहानं प्रसार केला. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. प्रत्येकाचं मोल वेगळं, संदर्भ वेगळा. महाराष्ट्राबाहेर रवींद्रनाथांची शांतिनिकेतनातली शाळा १९०१ ची, आणि गिजुभाई बधेका यांचं भावनगरचं बालमंदिर १९२० चं. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढं कोसबाडला बालवाडी गरिबांच्या आणि आदिवासींच्या दारात नेली. रवींद्रनाथ, गांधी आणि तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांचा समग्र शिक्षणाच्या वाङ्मयात थेट उल्लेख सापडतो, म्हणून त्यांची जागा पक्की. बाकीच्यांसाठी चिठ्ठीवर दुसरी सही लागते.

या मुद्द्यावर गटात मनं दुखावतात. रयतमध्ये शिकलेल्या, रयतमध्ये नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटणं साहजिक आहे. त्यांच्याकडे कर्मवीरांच्या पानाचं काम सोपवा आणि त्यांच्याकडची जुनी स्मरणिका, अहवाल, शताब्दीचे अंक यांची यादी करून घ्या. तो ठेवा दुसऱ्या कुणाकडे नसतो.

वाक्य कसं तासायचं

गटानं एकत्र बसून एक वाक्य तासून पाहावं, म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येतो. समजा कच्च्या खर्ड्यात आहे: ‘समग्र शिक्षणामुळे मुलांचा सर्वांगीण विकास होऊन ती उद्याचे सुजाण नागरिक बनतात.’

विरुद्ध बाजूचा सदस्य विचारतो, कशावरून? उत्तर नाही. मग ‘पुरस्कर्त्यांच्या मते’ असं जोडतात. तो पुन्हा विचारतो, कुठल्या? नाव आणि ग्रंथ येतो. ‘सर्वांगीण विकास’ म्हणजे काय काय? बौद्धिक, भावनिक, सामाजिक, शारीरिक, कलात्मक आणि आध्यात्मिक, असं त्या लिखाणात मोजून दिलेलं असतं, तेच घ्या. ‘उद्याचे सुजाण नागरिक’ हा भाषणातला शब्दप्रयोग गळतो. उरतं ते असं: ‘या विचाराचे पुरस्कर्ते बौद्धिक वाढीबरोबरच भावनिक, सामाजिक, शारीरिक, कलात्मक आणि आध्यात्मिक वाढ हीदेखील शाळेची जबाबदारी मानतात.’ मागं संदर्भ. वाक्य शांत झालं, आणि त्यात सांगण्यासारखं पहिल्यापेक्षा जास्त आहे.

‘आजच्या धकाधकीच्या युगात’, ‘काळाची गरज’, ‘अनन्यसाधारण महत्त्व’, ‘मोलाचे योगदान’ असे शब्द दिसले की खुशाल खोडा. त्यांच्या जागी काही घालायची गरज पडत नाही. आदरार्थी बहुवचन चालतं, पण ‘थोर’, ‘ऋषितुल्य’, ‘आदरणीय’ नको.

खर्डा, मतभेद आणि प्रकाशन

खर्डा मुख्य पानावर नको. ज्याच्याकडे आराखडा आहे त्याच्या सदस्यपानाखाली धूळपाटी (कच्च्या कामाचं पान) काढा आणि तिथं विभागांचे मथळे टाका. प्रत्येकानं आपल्याच विभागाचं ‘संपादन’ उघडावं. दोघांनी एकाच वेळी एकच विभाग उघडला की जतन करताना अडतं आणि एकाचा मजकूर वाया जाऊ शकतो. दर वेळी सारांशाच्या चौकटीत काय बदललं ते लिहा: ‘मूल्यमापन: कलम २९ चा संदर्भ जोडला.’ महिन्याभरानं इतिहास वाचताना याचा फार उपयोग होतो.

इंग्रजी विकिपीडियावरच्या लेखातून काही घेणार असाल तर परवान्यानुसार तसं सारांशात नोंदवावं लागतं. पण या विषयात नुसतं भाषांतर पुरणार नाही. तिथली मांडणी अमेरिका आणि कॅनडाभोवती फिरते; मराठी वाचकाला हवा असलेला कायदा, धोरण, नई तालीम आणि बालवाडीचा इतिहास आपल्यालाच उभा करावा लागतो. यंत्रानं केलेलं भाषांतर जसंच्या तसं तर मुळीच नको.

मतभेद झाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो लढवू नका. तिथलं बोलणं दोन दिवसांत वर सरकून जातं आणि नव्या माणसाला काही कळत नाही. मुद्दा चर्चापानावर लिहा, दोन्ही बाजूंचे संदर्भ समोर ठेवा, आठवडाभर थांबा. हात वर करून बहुमत घेण्याचा मोह टाळा, कारण पाच जणांना पटलं म्हणून संदर्भ तयार होत नाही. दोन विश्वसनीय संदर्भ एकमेकांच्या विरुद्ध असतील तर दोन्ही द्यावेत. गटात मिटत नसेल तर विकिपीडियाच्या चावडीवर (सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) विचारा. बाहेरच्या संपादकाची एक सूचना पुष्कळदा गाडं हलवते.

छायाचित्रं स्वतः काढलेलीच बरी, आणि ती विकिमीडिया कॉमन्सवर (चित्रांच्या सामायिक साठ्यावर) मुक्त परवान्यानं चढवायची. एकदा चढवलेलं चित्र जगात कुणीही वापरू शकतं, म्हणून वर्गातल्या मुलांचे चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रं पालकांच्या लेखी परवानगीशिवाय घेऊच नका. मातीकाम करणारे हात, परसबागेतले वाफे, भिंतीवरचा मुलांनी काढलेला गावाचा नकाशा, यातून विषय नीट कळतो. परसबागेच्या वाफ्यावर मुलांच्या हस्ताक्षरातली पाटी असते ना, ‘मेथी, इयत्ता चौथी’, तसं एक चित्र तत्त्वांच्या विभागात शोभेल. मुलांनी काढलेल्या नकाशाचं छायाचित्र चढवतानाही त्यांची आणि पालकांची संमती घ्या. ते काम त्यांचं आहे.

प्रकाशित करण्याआधी खर्डा दोघांना वाचायला द्या: शिक्षणक्षेत्राशी काही संबंध नसलेल्या एका वाचकाला, आणि या विचाराबद्दल शंका असलेल्या एका शिक्षकाला. पहिल्याला जिथं अडलं तिथं वाक्य सोपं करा. दुसऱ्याला जिथं ‘हे एकतर्फी आहे’ असं वाटलं तिथं चिठ्ठी पुन्हा काढून बघा. मग शीर्षपरिच्छेद लिहा, विषयवार वर्गीकरणासाठी ‘वर्ग’ जोडा, आंतरविकी दुवा (इतर भाषांतल्या याच विषयाच्या लेखाशी जोडणी) द्या आणि पान मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष लेखांच्या विभागात, न्या.

प्रत्येकानं पान आपल्या निरीक्षणसूचीत घालावं, म्हणजे त्यातले बदल कळत राहतात. पहिल्या काही आठवड्यांत एखादी शाळा आपलं नाव आणि दूरध्वनी क्रमांक घालून जाईल, कुणी आक्षेपांचा विभागच उडवेल, कुणी चांगली दुरुस्तीही करेल. पहिल्या दोन प्रकारांत बदल उलटवून चर्चापानावर कारण लिहा. तिसऱ्या प्रकारात त्या संपादकाला धन्यवाद द्या आणि पुढच्या बैठकीला बोलवा. धोरणं बदलतात, म्हणून मूल्यमापनाचा विभाग दर शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्ये, एकदा ताडून पाहायचा आणि ते काम कुणाचं हे आत्ताच ठरवायचं.

एक सही असलेल्या, नोंदीत न गेलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. त्यांचे विषयवार गठ्ठे करा. बालवाडी, शालेय परसबाग, कमवा आणि शिका, वर्णनात्मक नोंदी, यांतल्या ज्या गठ्ठ्यात सर्वांत जास्त कागद असतील तो गटाचा पुढचा विषय.